पाणबुडीचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू होतो

अंकासाठी लिहायला सांगताना संपादिकाबाईंनी दोन अटी घातल्या. लहानपणापासून सुरुवात करायची नाही, आणि नवऱ्याचे आभार मानायचे नाहीत. दोन्ही मला सोयीच्या आहेत.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहते आणि रोज सव्वा तास गाडी चालवून समुद्राकाठच्या एका छोट्या संग्रहालयात कामाला जाते. तिथे धक्क्यालगत सिमेंटच्या चौथऱ्यावर एक जर्मन पाणबुडी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ती शरण आली, अमेरिकन नौदलानं ती इकडे आणली, उघडून पाहिली, उत्सुकता संपल्यावर गावाला देऊन टाकली. तिच्या पोटातून दर वर्षी शाळांच्या सहली जातात. तिची कागदपत्रं मी सांभाळते. तिनं किती मोहिमा केल्या, कुठे गेली, काय बुडवलं, कधी मार खाल्ला, हा सगळा सेवेचा इतिहास माझ्या कपाटात आहे. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं, आणि उत्तर कागदावर दाखवता येत नसेल तर द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

त्याआधी सतरा वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये होते. इथला क्लायंट आणि पुण्याची टीम यांच्यामध्ये उभं राहून दोघांच्या शिव्या खायच्या, असं ते काम होतं. कंपनीनं आमचा विभाग बंद केला तेव्हा मी घरी बसून कंटाळले आणि संग्रहालयात जुने कागद स्कॅन करायला फुकट जाऊ लागले. सहा महिन्यांत त्यांनी मला कामावर घेतलं, कारण कुठला कागद कुठे आहे हे माझ्याशिवाय कुणालाच सांगता येईना.

लोक काय काय विचारतात! एक गृहस्थ दर उन्हाळ्यात येऊन खलाशाच्या बंकवर एक रात्र झोपू द्या म्हणतात. दर उन्हाळ्यात मी नाही म्हणते, मग ते तिकीट काढून आत जातात आणि बंकवर हात ठेवून येतात. एका जोडप्याला टॉर्पेडोच्या खोलीत लग्न लावायचं होतं. आमच्या मराठी मंडळाची सहल आली तेव्हा एका काकूंनी आत शिरल्याबरोबर विचारलं, "स्वयंपाक कुठे करायचे गं?" मी दाखवलं. आपल्याकडच्या देवघराएवढी जागा, त्यात विजेची छोटी शेगडी, आणि जेवणारी माणसं पन्नास. काकूंनी वाकून शेगडी पाहिली. मग म्हणाल्या, "बंड कसं नाही केलं गं ह्या माणसांनी?" आठ वर्षांत मला विचारला गेलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न.

पण लिहायचं आहे ते युसुफकाकांबद्दल.

नोव्हेंबरातली दुपार होती. बाहेर बोचरं वारं, आत चिटपाखरू नाही. पुढच्या टेबलावरच्या मुलीला मी सुट्टी दिली होती आणि तिच्या जागी बसून फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवला तर समोर एक ताठ म्हातारे गृहस्थ उभे. डोक्यावर लोकरी टोपी, काखेत प्लास्टिकची फाइल, शेजारी विशीतली एक मुलगी.

"बाय, तुम्ही मराठी की काय?" त्यांनी विचारलं.

युसुफ परकार. दाभोळच्या खाडीकाठचे. वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर जहाजांवर इंजिनीअर म्हणून नोकरी केलेले. सोबत होती ती त्यांची नात सना, जवळच्या वूस्टरला शिकणारी. सनाचा जन्म इथला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

काकांनी फाइल उघडली आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं. घोळ न घालता सांगणारी माणसं मला आवडतात.

त्यांचे वडील हसन एका ब्रिटिश मालवाहू स्टीमरवर आगवाला होते. म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, बॉयलरचा दाब राखणारे. त्या काळी आमच्या कोकणातली शेकडो माणसं ह्या कामावर जात. युद्ध चालू असताना ती स्टीमर दक्षिण अमेरिकेच्या बाजूला एकटी चालली होती. एका सोमवारी संध्याकाळी सव्वाआठला इंजिनरूममध्ये मोठा स्फोट झाला आणि ती बुडाली. वरच्या डेकवरचे बरेच वाचले, मंगळवारी दुपारी दुसऱ्या जहाजानं त्यांना उचललं. इंजिनरूममधलं कुणी वाचलं नाही. वाचलेल्या अधिकाऱ्यानं जबाब दिला: पाणबुडी दिसली नाही, टॉर्पेडो दिसला नाही, बॉयलर फुटला असावा. कंपनीनं तेच धरलं. फाइलवर लिहिलं, अपघात, आगवाल्यांचा निष्काळजीपणा.

"माझा जन्म त्यानंतर दोन महिन्यांनी," काका म्हणाले. "गावात मला नावानं कुणी हाक मारली नाही. बॉयलर म्हणायचे. ए बॉयलर, इकडे ये. बॉयलर, तुझ्या बापानं किती माणसं मारली? त्याच बोटीवर आमच्या वाडीतले आणखी दोघं होते ना. त्यांच्या घरासमोरून जाताना आई पदर ओढून घ्यायची."

"नाना, टेल हर अबाउट द वॉटर," सना म्हणाली.

"हां. वाचलेला एक खलाशी गावी आला तेव्हा आईला भेटून गेला. तो म्हणाला, वर डेकवर आम्ही ऐकलं. आधी पाण्याचा लोंढा आला, खालून बोंब उठली की पाणी, पाणी. वाफेचा स्फोट मागून झाला. आईनं हे मला हजार वेळा सांगितलं. पाणी पहिलं, वाफ मागून. मी चाळीस वर्षं बॉयलर सांभाळले, बाय. नुसता बॉयलर फुटला तर वाफ पहिली. पाणी पहिलं आलं म्हणजे बोटीचं पोट बाहेरून फुटलं."

त्या आठवड्यात त्या समुद्रात तीन जर्मन पाणबुड्या होत्या, हे त्यांनी पुस्तकं धुंडाळून काढलं होतं. दोघींचा हिशेब लागत होता. तिसरी आमची.

त्यांना माझ्याकडून हवं होतं ते इतकंच: आमच्या बोटीनं ती स्टीमर बुडवली, असं लेखी. गावी त्यांची थोरली बहीण आहे, नव्वदीची. वडिलांना पाहिलेली तेवढी एकच उरली आहे. काका तीन आठवड्यांनी परत जाणार होते आणि पुन्हा येण्याचं वय नव्हतं.

मी कपाट उघडलं.

इथे थोडं कामाचं सांगायला हवं. पाणबुडीचा कप्तान रोजनिशी ठेवायचा. पानावर वर तारीख आणि वार, डावीकडे वेळ आणि जागा, उजवीकडे काय घडलं ते. जर्मन पाणबुड्या जगाच्या पाठीवर कुठेही गेल्या तरी घड्याळ जर्मनीचंच ठेवायच्या. बाहेर संध्याकाळ असली तरी आत घड्याळात रात्रीचे दोन. आमच्या रोजनिशीचा इंग्रजी तर्जुमा चाळीसेक वर्षांपूर्वी वॉल्टर नावाच्या जर्मन शिकवणाऱ्या शिक्षकांनी केला. ते आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत आणि अजून गुरुवारी येतात. वाचणाऱ्याला उजेड कधी, अंधार कधी हे कळावं म्हणून तर्जुम्यात सगळ्या वेळा स्थानिक करून टाकल्या होत्या. चांगला हेतू होता. त्या मोहिमेत फरक सहा तासांचा.

मी तर्जुमा काढला. हल्ल्याची नोंद होती. अज्ञात जहाजावर एक टॉर्पेडो, दोन स्फोट ऐकू आले, खाली जावं लागल्यानं परिणाम कळला नाही. जागा काकांच्या नकाशाशी जवळजवळ जुळत होती. वेळ संध्याकाळी सव्वाआठ.

वार मंगळवार.

मी दोनदा पाहिलं. मंगळवारी संध्याकाळी ती स्टीमर समुद्राच्या तळाशी होती आणि वाचलेली माणसं दुसऱ्या जहाजावर गरम चहा पीत होती. मी काकांना तसं सांगितलं. "वेळ जुळते काका, पण वार जुळत नाही. एक दिवस उशीर आहे. कागदावर नाही ते मी लिहून देऊ शकत नाही."

ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." फाइल बंद केली, टोपी घातली. सना माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी हातात शिक्का घेऊन बसलेली कुणी सरकारी बाई आहे. ती दोघं आत जाऊन बोट न बघताच निघून गेली.

आठ वर्षांत मी बऱ्याच जणांना नाही म्हटलं आहे. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात शाळेची सहल होती आणि गाइड आजारी, म्हणून मी मुलांना आत नेलं. नियंत्रण कक्षातल्या घड्याळापाशी उभं राहून आमची आवडती गंमत सांगितली. ही गंमत सगळेच गाइड सांगतात, तीन वर्षं मीही सांगत होते. "आपला दिवस मध्यरात्री बदलतो. पाणबुडीचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा! दिवसभर पाण्याखाली, अंधार पडला की वर. म्हणून त्यांचा वार संध्याकाळी बदलायचा." पुरावा आमच्याकडे होता. तर्जुम्यात त्या मोहिमेचं प्रत्येक पान संध्याकाळी सहाला सुरू होऊन दुसऱ्या संध्याकाळी सहाला संपतं. मुलं खूश होतात. शिक्षिका वहीत लिहून घेतात.

त्या दिवशी घरी मी ओट्यापाशी फरसबी मोडत होते आणि मिलिंद, म्हणजे माझा नवरा, डायनिंग टेबलावरून पुण्याच्या टीमशी बोलत होता. कुणीतरी नवीन मुलगा होता. मिलिंद त्याला म्हणाला, "अरे यार, नुसते तास वजा करू नकोस. वार पण मागे ने. तुझी मंगळवारची पहाट म्हणजे आमची सोमवारची संध्याकाळ."

नवऱ्याचे आभार मानायचे नाहीत असं ठरलं आहे, म्हणून फक्त घडलं ते सांगते. माझ्या हातातली फरसबी तशीच राहिली.

कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी क्लायंटचा मोठा डेमो होता. मी पुण्याला निमंत्रण पाठवलं, तास बरोबर बदलले आणि वार इथलाच ठेवला. पुण्याची अकरा माणसं एक दिवस आधीच पहाटे ऑफिसात येऊन बसली. खऱ्या डेमोच्या वेळी ती घरी झोपलेली होती आणि इथे क्लायंट रिकाम्या पडद्याकडे बघत वीस मिनिटं बसला. इथे येऊन तिकडच्या लोकांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकानं ही चूक एकदा तरी केलेली असते, आणि एकदा केलेली जन्मभर विसरत नाही.

पाणबुडीचा दिवस संध्याकाळी सहाला सुरू होत नव्हता. तो जर्मनीतल्या मध्यरात्रीच सुरू होत होता. कुणीतरी प्रत्येक ओळीतून सहा तास वजा केले होते आणि पानावरचा वार तसाच ठेवला होता. आणि आम्ही त्या चुकीतून एक परंपरा तयार करून ती मुलांना शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी मूळ जर्मन रोजनिशीची मायक्रोफिल्म वाचायच्या यंत्रावर चढवली, मग कोट काढला. मला जर्मन येत नाही, पण आकडे आणि वार वाचता येतात. मंगळवार, दोन वाजून पंधरा मिनिटं. सहा वजा केले की सोमवार, संध्याकाळी सव्वाआठ. मिनिटाला मिनिट.

गुरुवारी वॉल्टर आले. त्यांचा कोटही मी काढू दिला नाही. फिल्म दाखवली, शेजारी तर्जुमा ठेवला आणि म्हटलं, "इथे तास बदलले आहेत, वार बदललेला नाही."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "कॉम्प्युटरवाल्यांना फार घाई असते," असं काहीतरी पुटपुटले. मग पान उलटलं. आणखी एक उलटलं.

"तर्जुमा मी हातानं लिहिला," ते शेवटी म्हणाले. "टाइप हेलननं केला. वेळेचा तक्ता समोर ठेवून ओळीओळीला वजाबाकी तीच करायची. मी परत तपासलं नाही. तिचं टायपिंग कोण तपासणार?"

हेलन त्यांची पत्नी. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तो तर्जुमा पुठ्ठ्यात बांधून आमच्या दर्शनी कपाटात ठेवलेला आहे आणि पहिल्या पानावर दोघांचं नाव आहे. मला हे आधी माहीत असतं तर मी त्यांना कोट काढून बसू दिलं असतं. ती रुखरुख आहे.

"वॉल्टर, आपण हे हळूहळू करू शकतो," मी म्हटलं. तसं करता येणार नव्हतं. काकांच्या विमानाला अठरा दिवस उरले होते.

"हळूहळू कशाला?" ते जवळजवळ ओरडले. "हेलनला चूक दिसली असती तर तिनं जेवायच्या आधी दुरुस्त केली असती. पेन्सिल द्या."

मग त्यांनी ती नोंद मला मुळातून ओळ ओळ वाचून दाखवली. तर्जुम्यात एक तपशील आटोपशीर करून टाकला होता, 'दोन स्फोट' एवढंच. मुळात कप्तानानं असं लिहिलं होतं: टॉर्पेडो लागला. बावीस सेकंदांनी दुसरा स्फोट, पहिल्याहून मोठा, बॉयलर असावा.

मी त्यांना परत वाचायला लावलं. पहिला टॉर्पेडो. मग बॉयलर.

पाणी पहिलं, वाफ मागून. कोकणातल्या एका बाईनं आपल्या मुलाला हजार वेळा सांगितलेलं वाक्य एका जर्मन कप्तानानं सेकंद मोजून लिहून ठेवलं होतं. आणि ते आमच्या कपाटात, कुलपात, माझ्या ताब्यात पडून होतं.

इतक्या वर्षांत हे कुणाला कळलं कसं नाही, असं लोक विचारतात. ब्रिटिशांनी अपघात म्हणून फाइल बंद केली, म्हणून टॉर्पेडो शोधायला कुणी गेलंच नाही. जर्मनांना जहाजाचं नाव माहीत नव्हतं. दोन कागद एकमेकांसमोर ठेवले असते तर दहा मिनिटांचं काम होतं. ते ठेवायला काकाच यावे लागले, आणि त्यांनाही मी पहिल्यांदा परत पाठवलं.

आमची संचालक करेन सावध बाई आहे. माझा तीन पानी अहवाल वाचून ती म्हणाली, "म्हणजे आपल्या बोटीच्या नावावर आणखी एक बुडवलेलं जहाज. ह्यावर मी अभिनंदन म्हणू की नको?"

"आत्ता नको. आधी आतला ह्या मोहिमेचा फलक बदल," मी म्हटलं.

"बाहेरच्या कुणी तज्ज्ञानं होकार दिल्याशिवाय फलक बदलत नाही, तुला माहीत आहे. तो नियम तूच केलास."

खरं होतं. मी नौदलाच्या इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांना सगळं पाठवलं आणि सोबत स्पष्ट लिहिलं की उत्तर आठवड्यात हवं. त्यांचं पत्र आठव्या दिवशी आलं. दोनच वाक्यं होती: मी तीन वेळा तपासलं. तुमचं बरोबर आहे.

मी काकांना फोन केला. सनानं उचलला. "ही डझंट वॉन्ट टु टॉक अबाउट इट एनी मोअर, माधुरी मावशी," ती म्हणाली. मी म्हटलं, "त्यांना सांग, वार चुकला होता. आमचा." पलीकडे फोन हातातून हातात गेला आणि काकांचा आवाज आला, "किती वाजता येऊ?"

नवा फलक शुक्रवारी लागला. काकांची अट होती की आपा, म्हणजे त्यांची बहीण, फोनवर असली पाहिजे. आपा पहाटेच्या नमाजानंतर मोकळी असते आणि गावात नेटवर्कही तेव्हाच बरं असतं. म्हणून आम्ही संग्रहालय बंद झाल्यावर संध्याकाळी साडेसातची वेळ धरली. तिकडचे सहा. निमंत्रण मीच पाठवलं, आणि पाठवण्याआधी वार तीनदा पाहिला. इथला शुक्रवार, तिकडचा शनिवार.

नियंत्रण कक्षात आम्ही पाच जण उभे राहिलो तरी दाटी होते. काका, सना, वॉल्टर, करेन, मी. सनानं फोन उंच धरला. पडद्यावर पांढऱ्या ओढणीतला एक सुरकुतलेला चेहरा, अर्धा बाहेर, कपाळ आणि वरचं छप्परच जास्त.

"आपा, फोन खाली घे. नुसतं छप्पर दिसतंय," काका ओरडले.

"तू वाच," आपा म्हणाली. "मला तुझं तोंड बघायचं नाही."

फलक इंग्रजीत होता. काका मराठी करून वाचू लागले. ह्या मोहिमेत सोमवारी संध्याकाळी सव्वाआठ वाजता ह्या पाणबुडीनं एक ब्रिटिश मालवाहू स्टीमर बुडवली. टॉर्पेडोनं इंजिनरूमची बाजू फुटली. समुद्राचं पाणी आत शिरल्यावर बॉयलर फुटला. कामावर असलेले आगवाले जागा न सोडता गेले. खाली सात नावं आहेत. तिसरं, हसन परकार. आवाज कुठेही हलला नाही. आयुष्यभर इंजिनरूमच्या गोंगाटात बोललेला माणूस, लोखंडी भिंतींमध्ये ते शब्द खणखणत होते.

"परत वाच," आपा म्हणाली.

त्यांनी परत वाचलं.

"पाणी पहिलं का वाफ पहिली?"

"पाणी पहिलं."

"लिहिलंय तसं?"

"लिहिलंय, आपा. त्या कप्तानानंच लिहिलंय."

थोडा वेळ नुसतं छप्पर दिसत राहिलं. मग आपा म्हणाली, "तुला बॉयलर म्हणणारे सगळे गेले रे. पण पोरं आहेत त्यांची, नातवंडं आहेत. येताना ह्याचा मोठा फोटो आण. ओसरीवर लावते. मराठीत आण. इथे इंग्रजी कोण वाचणार?"

वॉल्टरनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. ते म्हणाले, "बाईंना काम कळतं."

नियंत्रण कक्षातलं ते घड्याळ गाइड मंडळी दर वर्षी न चुकता इथल्या वेळेला लावत. त्या संध्याकाळी ते दीड दाखवत होतं. मी सकाळीच जर्मनीच्या वेळेला लावलं होतं आणि खाली कागद चिकटवला होता, हात लावू नये. तो कागद अजून आहे. दिवस कधी सुरू व्हायचा असं मुलांनी विचारलं तर मी सांगते, आपल्यासारखाच, मध्यरात्री. फक्त ती मध्यरात्र जर्मनीतली. मुलांना हे कमी आवडतं. चालेल.

दर्शनी कपाटातला तर्जुमा आता दुरुस्त आहे. वॉल्टरनी पानापानावर पेन्सिलीनं वार बदलले, आणि मी त्यांना एकही पान पुन्हा टाइप करू दिलं नाही. हेलनची अक्षरं तशीच आहेत, शेजारी त्यांची पेन्सिल आहे.

आणि फलकाची मराठी प्रत मीच लिहिली. विमानाच्या दोन दिवस आधी, दाराएवढ्या कापडावर छापून घेतली, गुंडाळून काकांच्या हातात दिली. संग्रहालयाचे फलक एकाच ठशात असतात, तो नियमही माझाच. तो मी एका शब्दापुरता मोडला. 'सोमवारी' तेवढं जाड ठशात आहे. ओसरीवरून नाही, रस्त्यावरून वाचता येईल एवढं.